गुरुवारची साडी

दिनानाथ घरतांनी त्या बिलावर काट मारायला पेन्सिल टेकवली आणि तेवढ्यात त्यांना गिऱ्हाइकाच्या नावाची ओळ दिसली. सौ. वेणू दिनानाथ घरत. अक्षर दुकानदाराचं होतं, घाईतलं, पण नाव पुरतं लिहिलेलं. खाली माल: सुती साडी, हिरवी, दोन नग. त्यांनी पेन्सिल उचलली. समोरच्या खुर्चीत दिपा बसली होती आणि भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरकडे इतक्या लक्षपूर्वक बघत होती, जणू तिला त्यावरची एखादी तिथी हवी होती. वेणूला जाऊन पाच महिने झाले होते. तिच्या नावाचे सगळे कागद हळूहळू बंद होत आले होते. बँकेचं खातं, रेशनकार्डावरची ओळ, फिजिओथेरपीवाल्याची पावती. ज्या दुकानात ती गेली असणं शक्य नव्हतं त्या दुकानातून, ज्या महिन्यात ती पलंगावरून उठत नव्हती त्या महिन्यातून, हे एक नाव उगवलं होतं.

उरण नाक्यावरच्या औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर, घरतांचं हे ऑफिस चाळीस वर्षं चाललं होतं. गावातल्या घरत आळीतला पहिला बी.कॉम. म्हणून सुरुवातीला लोक नुसते बघायला यायचे, मग सरकारने घेतलेल्या जमिनीचे पैसे आले तशी कामं आली. दिपा सकपाळ दर जुलैत यायची. मूळची महाडकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे तळोज्याला राहिलेली, मोठ्या इस्पितळात बारा वर्षं काढून मग ती सोडून स्वतंत्र नर्स झालेली. घरी रुग्ण बघायचे, कधी एखाद्या कंपनीमार्फत, कधी ओळखीवर. कंपन्या पैसे देताना दहा टक्के कर कापून घ्यायच्या आणि तो परत मिळवायला दिपा घरतांकडे यायची. तिच्या हाताखाली दोन मदतनीस बायका होत्या, खाटा आणि ऑक्सिजनची यंत्रं ती भाड्याने आणायची, त्यामुळे निम्मं उत्पन्न सरसकट नफा म्हणून धरायची सोपी वाट तिला परवडत नव्हती. खरा खर्च दाखवावा लागे. तो ती कापडी पिशवीत घालून आणायची. रिक्षाच्या चिठ्ठ्या, हातमोजे, पांढरे बूट, निळ्या युनिफॉर्मची शिलाई. युनिफॉर्म आला की घरत दर वर्षी तेच ऐकवायचे. "काम सोडून दुसरीकडे घालता येत नाही तो कपडा धंद्याचा. लग्नाला नेसता येते ती साडी तुझी. सरकार त्यात पडत नाही." एकदा तिने विचारलं होतं, "आणि काका, हा निळा ड्रेस घालून मी लग्नाला गेले तर?" ते म्हणाले होते, "तर नवरदेवाची आई विचारेल, कोण आजारी आहे." त्यावर दोघं हसले होते, आणि त्याच वर्षी, पुढच्या दोन महिन्यांत, वेणूला झटका आला, उजवी बाजू गेली आणि ते दिपाला फोन करून म्हणाले होते, तू येशील का.

"हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"बिल."

"ते दिसतंय मला."

"मागे लिहिलंय बघा," दिपा म्हणाली. बिलाच्या पाठीवर तिने निळ्या पेनाने लिहिलं होतं: एक साडी माझी, कामाची. दुसरी धरू नये.

त्यांनी तारीख वाचली. नोव्हेंबरचा तिसरा आठवडा. बोटांवर मोजून वार काढायची त्यांना जुनी सवय होती, त्यांनी तो काढला आणि गुरुवार आला. गुरुवारी ते नसायचेच. गुरुवारी तळोज्याला एका रंगाच्या कारखान्यात दिवसभर त्यांचं वह्याबिह्या तपासायचं काम असे, सकाळी नऊला निघायचे ते संध्याकाळी सातला परत. कपड्यांना तो गोडसर, डोकं चढवणारा वास घेऊन ते घरी शिरायचे आणि वेणू पलंगावरून जड जिभेने म्हणायची, "आलाव का फॅक्टरी घिऊन?" झटक्यानंतर तिची वाक्यं तुटली होती, शब्द अर्ध्यात हरवायचे, पण हे एक वाक्य तिला नेहमी जमायचं. त्यांना वाटायचं, तेवढंच उरलंय. तेवढ्यावर ते आठवडा काढायचे. पलंगाला त्यांनी कठडे बसवले होते. धूळ येते म्हणून खिडक्यांचे पडदे ओढलेले. नवीन पनवेलच्या त्या तळमजल्याच्या घरात दुपारीसुद्धा दिवा लागायचा. वेणू मिठागरवाल्यांची पोर, उघड्या आकाशाखाली वाढलेली, उरणकडच्या त्या सपाट पांढऱ्या शेतांत डोळे बारीक करून बघायची सवय असलेली. ती डाव्या हाताने पडद्याकडे बोट करायची. "मना... भायेर..." आणि ते म्हणायचे, "बरी हो, मग जाऊ." किती वेळा म्हणाले असतील? रोज. दिवसातून दोनदा. पडली तर, सर्दी झाली तर, कोणी धक्का दिला तर. बरी हो, मग जाऊ. हे म्हणताना आपण तिच्या कपाळावरून हात फिरवायचो हेही त्यांना आता आठवलं, आणि त्या हाताचीच त्यांना लाज वाटली.

"तू तिला बाहेर नेलं होतंस," ते म्हणाले.

"हो."

"दुकानात."

"लाइन आळीत, कुमारशेठकडे. आपल्या नाक्यावरच्या सुभाषच्या रिक्षातून. चाकांची खुर्ची मागे बांधली होती." दिपाने कॅलेंडरवरची नजर काढली. "काका, मी बिल घातलं नसतं तर तुम्हाला कळलंही नसतं. चार दिवस पिशवीत घालत होते आणि काढत होते. तोंडाने सांगायला जमेना, म्हणून मग राहू दिलं."

तिने सांगितलं ते असं. निळ्या ड्रेसवर वेणूचा पहिल्यापासून राग होता. दिपावर नव्हे, ड्रेसवर. दारात डोकावणारी शेजारीण विचारायची, नर्स आली का? म्हणजे वेणू आजारी. त्या गुरुवारी घरत बाहेर पडले आणि वेणूने डाव्या हाताने दिपाच्या कुडत्याची बाही धरून ओढली. ह्यो नको. मग काय घालू? बराच वेळ शब्द सापडेना. शेवटी म्हणाली, साडी. आनू. दोगी. तिला दोन साड्या हव्या होत्या, एकाच ठाणातल्या. लहानपणी तिची आणि तिच्या बहिणीची, साळूची, साडी एकाच ठाणातली यायची, जत्रेला दोघी सारख्या दिसायच्या. दोघी बायका बाजारात निघाल्यात असं दिसलं पाहिजे, एक आजारी आणि एक नर्स असं दिसता कामा नये. दिपाने तासभर नाही म्हटलं. मग रक्तदाब मोजला आणि सुभाषला फोन केला.

"कुमारशेठनी बिलावर नाव विचारलं," दिपा म्हणाली. "मी माझं सांगणार, तोवर काकी बोलल्या. वेणू दिनानाथ घरत. पूर्ण. एका दमात. मी शपथेवर सांगते, त्या दिवसापर्यंत, ते फॅक्टरीचं वाक्य सोडलं तर, त्यांनी तीन शब्द एकापुढे एक नीट म्हटले नव्हते. मग म्हणाल्या, भाव लावा. साठ रुपये कमी केले त्यांनी."

"साठच?" दिनानाथांच्या तोंडून निघालं. वेणू बाजारात उभी राहिली की दुकानदार सुरुवातीलाच हात जोडायचे. साठ म्हणजे काहीच नाही. मग त्यांना जाणवलं की आपण तिच्या वतीने नाराज झालो आहोत, जसं काही घरी गेल्यावर तिला विचारता येईल.

"किती वेळा गेलात?"

"अकरा."

त्यांनी मान हलवली. ते गुरुवार त्यांच्या मनात एकेक करून उघडायला लागले आणि त्यांना ते मिटता येईनात. खुर्चीच्या चाकांना एकदा लाल माती लागलेली होती आणि त्यांनी झाडूवाल्या बाईला दरडावलं होतं, घरात माती येते कुठून? डिसेंबरात वेणूचा चेहरा आणि डावा हात त्यांना काळवंडल्यासारखा वाटला होता. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी यकृताच्या तपासण्या लिहून दिल्या. वेणूचं रक्त दिपानेच काढलं होतं, मान खाली घालून, एक शब्द न बोलता. अहवाल उत्तम आला होता आणि त्यांनी देवापुढे साखर ठेवली होती. उन्हाने रापलेल्या बायकोसाठी. हे आठवून त्यांना हसावं की या बाईला ऑफिसातून घालवून द्यावं तेच कळेना. आणि हसण्यावरून ते तिथे येऊन थांबले जिथे यायला ते मघापासून टाळत होते. गुरुवारी संध्याकाळी वेणू हसायची. ते बूट काढत असायचे, दिवसभर कोणाचे आकडे कुठे जुळले नाहीत ते सांगत असायचे, आणि ती मधेच, काही कारण नसताना, डाव्या गालाने हसायला लागायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. डॉक्टर म्हणाले होते, मेंदूला इजा झाली की असं होतं, उगाच हसू येतं, उगाच रडू येतं, त्याला अर्थ नसतो. तेव्हापासून ती हसली की ते उठून तिच्या तोंडाला पाण्याचा पेला लावायचे. पाणी पी, शांत हो. ती पेल्यातच हसायची, पाणी उशीवर सांडायचं. अकरा गुरुवार त्यांनी तिचं हसू आजार म्हणून पुसून काढलं होतं. आणि ती त्यांनाच हसत होती. दिवसभर गाव हुंदडून येऊन, साडी बदलून, गाउन घालून, डोळे मिटून पलंगावर शहाण्यासारखी पडलेली, आणि हे वेडे काका तिला आकडे सांगतायत.

खाली औषधाच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने खोकल्याच्या औषधाचं नाव विचारत होतं. दिनानाथांनी बिल टेबलावर उलटं ठेवलं, मग सुलटं केलं.

"शेवटचं कधी नेलंस?"

"पाच फेब्रुवारी."

"आणि रविवारी ती गेली."

ते वाक्य त्यांनी मोठ्याने म्हटलं नव्हतं, साधंच म्हटलं होतं, पण म्हटल्यावर ते टेबलावर येऊन बसलं. दिपाचा चेहरा बदलला नाही. तिने पिशवीतून तपकिरी पुठ्ठ्याची छोटी वही काढली आणि मधलं पान उघडून त्यांच्यापुढे सरकवली. तारखा, वेळा, रक्तदाब, नाडी. दर गुरुवारी निघताना एक नोंद, परत आल्यावर एक. पाच फेब्रुवारीला निघताना एकशे चौतीस, परतल्यावर एकशे बत्तीस. शुक्रवारी एकशे तीस. शनिवारी एकशे तीस. रविवारी पहाटे झोपेतच दुसरा झटका आला होता, डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की तो यायचाच होता. पानाच्या कडा मऊ पडल्या होत्या, हाताळून हाताळून घडी मोडल्यासारख्या.

"मी रोज वाचते ते पान," दिपा म्हणाली. "झोपायच्या आधी. एखादा आकडा मी चुकीचा लिहिला का, एखादा राहिला का, ते बघते. काका, तुम्ही मला काम देणाऱ्या कंपन्यांना कळवलंत तर माझं काम जाईल, आणि ते बरोबरच होईल. न विचारता रुग्णाला घराबाहेर काढलं. कोणीही असं करू नये. मी माझ्या मदतनीस बायकांना करू देणार नाही."

दिनानाथ त्या पानाकडे बघत राहिले. आकडे तपासण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते खाली वर गेले, शेजारची पानं बघितली, खाडाखोड शोधली. एकही नव्हती. आणि ते तपासत असताना त्यांना कळलं की आपण जे आत्ता पाच मिनिटं करतोय ते ही बाई पाच महिने करतेय, तळोज्याच्या दोन खोल्यांत, मुलं झोपल्यावर, कोणालाही न दाखवता. ज्या घरात दुखवटा होता तिथे लोक आले, चहा झाला, उरणहून वेणूचे भाऊ आले, मुलगा प्रणित आणि सूनबाई उलव्याहून येऊन महिनाभर राहिली. दिपाकडे कोण गेलं असेल? ती तर दहाव्या दिवसापासून दुसऱ्या घरी कामाला लागली होती. नर्सला सुतक नसतं.

"विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं," ते म्हणाले.

"माहीत होतं."

"तिलाही?"

"त्याच म्हणाल्या, शब्द शोधत शोधत, त्यांना नको सांगू, ते भितात. मग मला म्हणाल्या, माझ्यासाठी भितात ना, मग आपण त्यांना भ्या घालायचं नाय." दिपा पहिल्यांदा किंचित हसली. "रागाने नव्हत्या म्हणत. लाडाने म्हणायच्या. मला कधीकधी तुमचा हेवाच वाटायचा."

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि दोन्ही तळहातांनी डोळे दाबून धरले. मग चष्मा खाली घेऊन ते म्हणाले, "साडी तू कधी नेसायचीस?"

"तुम्ही गेलात की. आधी काकींना नेसवायची, दुबळा हात आधी ब्लाउजात घालून, मग मी. साडेपाचला परत ड्रेस. दोन्ही साड्या धुवायला मी घरी न्यायचे."

"दुसरीकडे कुठे नेसलीस? सणाला, लग्नाला?"

"नाही."

"एकदाही?"

"काका, ती कामाची साडी होती. त्या म्हणाल्या होत्या, ह्यो तुझा ड्रेस."

दिनानाथांनी बिल जवळ ओढलं. रकमेचा अर्धा भाग काढला, युनिफॉर्म आणि बुटांच्या बेरजेखाली लिहिला आणि समोर बारीक अक्षरात शब्द घातले: कामाचे कपडे. चाळीस वर्षांत त्यांनी एकाही बाईची साडी खर्चात धरली नव्हती. शिक्षिका भांडल्या होत्या, एक वकीलबाई तर कायद्याचं पुस्तक घेऊन आल्या होत्या. त्यांनी सगळ्यांना तेच लग्नाचं उदाहरण दिलं होतं. "पूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी," ते स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाले. "कायद्याचे शब्द आहेत. बसतात. कोणी विचारलं तर मी सांगेन."

"साक्षीदार म्हणून? तुम्ही तर मला त्या साडीत बघितलंच नाही."

"नाही बघितलं," ते म्हणाले. "पण आता बघेन. काकींचीही आहे ना तुझ्याकडे? दोन्ही ठेव. पुढच्या वर्षी एक लग्नाला नेस, म्हणजे मग खर्चातून काढून टाकता येईल."

दिपा हसली आणि हसता हसता तिने पदर नसलेल्या कुडत्याच्या बाहीने नाक पुसलं. पाच वाजता खांदा कॉलनीत तिचा एक रुग्ण होता. वही तिने परत पिशवीत घातली, मग थांबली, पुन्हा काढली आणि टेबलावर ठेवली. "तुमच्याकडे राहू दे. मी नाही वाचणार आता." दारात तिने चपला घालताना त्यांनी विचारलं, बाकीच्या दहा वेळा कुठे गेला होतात. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा मिठागरावर. उरण रस्त्याला. बाकीचं सांगत बसले तर माझ्या रुग्ण आजोबांचं इन्सुलिन राहील." आणि जिना उतरून गेली.

ऑफिसात अजून चार फायली पडल्या होत्या आणि महिना, आणि त्याबरोबर विवरणपत्रांची मुदत, संपायला नऊ दिवस होते. दिनानाथांनी फायली कपाटात टाकल्या, शटर ओढलं आणि ते नाक्यावर उतरले. सुभाष पाटील रिक्षात बसून मोबाइलवर क्रिकेट बघत होता. घरतांच्याच गावचा, पन्नाशीतला, दाढी वाढलेला. त्याने वर बघितलं, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि मोबाइल बंद केला.

"दिपाबायनी सांगितला का?"

"मिठागरावर चल," दिनानाथ म्हणाले.

रस्ता कंटेनरनी गच्च होता. न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या त्या लांबलचक गाड्यांच्या मधून सुभाष वाट काढत होता आणि दिनानाथ मागे, सीटच्या उजव्या कोपऱ्यात बसले होते. मग त्यांना वाटलं की वेणू डावीकडे बसली असेल, दुबळी बाजू दिपाकडे ठेवून, आणि ते डावीकडे सरकले. इथून वेगळं दिसत होतं. टपऱ्या, पत्र्याची गोदामं, भराव टाकलेल्या जमिनीवर उगवलेलं गवत. हा रस्ता ते हजार वेळा आलेगेले होते, पण नेहमी पुढे बघत, वेळेत पोचायचं म्हणून. सुभाषने एका कच्च्या फाट्याला रिक्षा थांबवली. जुलैत मिठागर म्हणजे नुसतं पाणी; बांध अर्धे बुडलेले, पलीकडे कंटेनरचे निळे लाल ढीग.

"काकी उतरायच्या नाय," सुभाष म्हणाला. "हितूनच बगायच्या. तवा मीठ पडला होता, पांढरा फेक. तुटक तुटक बोलल्या, माजे बापाचा आगर त्या डब्यांच्या खाली हाय. मना वाटला आता रडतील. तर बोलल्या, बरा झाला, लय कमर मोडायची."

दिनानाथ उतरले. बुटांनी बांधावर चार पावलं गेले. चिखल घोट्यापर्यंत आला. त्यांना ती दिसली, सोळा-सतरा वर्षांची, लग्नाच्या आधी बघायला आले होते तेव्हाची, हातात लाकडी फावडं, पायांना मिठाने पडलेल्या भेगा, आणि पाहुण्यांना बघून न लाजता सरळ विचारणारी, तुमी काय शिकताव? ते म्हणाले होते, हिशोब. ती म्हणाली होती, मंग आमच्या शेठजीचा हिशोब बघा, तो आमाला लुटतो. ते तेव्हाच तिला हो म्हणाले होते, मनात. इतकी वर्षं ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, तिलाही नाही. तिला माहीत असणार असं धरून चालले होते.

ते परत आले तेव्हा सुभाष रिक्षाला टेकून उभा होता. "काका, एक सांगू? बाराव्या येळंला तुमाला आणायचा ठरला होता. काकी बोलल्या, नाय बोलले तर खुर्चीत बांदून आणू, मी चालन मागून." तो दाढीतून हसला. "त्या रविवारच्या पुढल्या गुरुवारी."

दिनानाथांनी चिखलाचे बूट रिक्षाच्या पायरीवर घासले. त्यांनी वर बघितलं, कंटेनरच्या ढिगांकडे, पाण्याकडे. मग विचारलं, "तिसऱ्या वेळेला कुठे गेला होतात?"

"मासली बाजारात. काकींनी दीड तास घेतला पापलेट घ्यायला आन घेतला नाय."

"चल मग."

"आता? बाजार उठायला आला असंल."

"असू दे. चल."

सुभाषने रिक्षा वळवली आणि परतीच्या रस्त्याला लावली. पहिला गतिरोधक आला तसा त्याने वेग इतका कमी केला की रिक्षा उभी राहते की काय असं वाटलं. पुढचं चाक हळूच चढलं, हळूच उतरलं, मग मागची दोन्ही. मागच्या कंटेनरवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. सुभाष ओशाळून मागे वळला. "सवय लागली हो काका. त्यांना हादरा नको म्हनून."

"वाजवू दे त्याला," दिनानाथ म्हणाले आणि डाव्या कोपऱ्यात नीट मागे टेकून बसले. "तिला न्यायचास तसाच चालव."